उभे राहता येईल असा निवारा



दसरा झाला की आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागतात. कोणी बीडकडून, कोणी नांदेड-लातूरकडून, तर कोणी आपल्याच दोन जिल्ह्यांतल्या तांड्यांवरून. ट्रॉलीत पेट्या, पातेली, कोंबड्या, म्हातारी माणसे आणि पोरे भरलेली असतात. गावाबाहेर एखादे पडीक रान मिळते आणि दिवस मावळायच्या आत तिथे कोप्या उभ्या राहतात. बांबू वाकवून रोवायचे, वर चटई नाहीतर उसाचे पाचट, त्यावर प्लास्टिकचा कागद. झाले घर. आत शिरायचे ते वाकून आणि शिरल्यावर राहायचे ते बसून. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत, म्हणजे साधारण पाच महिने, नवरा-बायकोचा एक कोयता पोराबाळांसह या घरात राहतो.

या घराविषयी मला या अंकात लिहायचे आहे आणि त्या निमित्ताने शाळेपुढे एक प्रस्ताव ठेवायचा आहे. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी तो आधीच सांगून टाकतो. आठवी-नववीच्या मुलांनी कार्यानुभवाच्या तासांत शाळेच्या मैदानावर प्लायवूडची एक खोली बांधावी. ती एक उन्हाळा आणि एक पावसाळा उभी ठेवून नीट तपासावी. टिकली तर पुढच्या हंगामात गावाबाहेर उतरणाऱ्या टोळीला वापरायला द्यावी. टिकली नाही तर का टिकली नाही हे याच पानावर छापावे.

पाच महिन्यांच्या तात्पुरत्या राहण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणीही विचारील. माझे भांडण या 'तात्पुरते' शब्दाशीच आहे. मी गणित शिकवतो, म्हणून हिशेबच मांडतो. जन्मल्यापासून दरवर्षी आईबापांबरोबर तोडीला जाणारे मूल पंधरा वर्षांचे होईपर्यंत कोपीत किती काळ काढते? पाच महिने गुणिले पंधरा, म्हणजे पंचाहत्तर महिने. सव्वासहा वर्षे! आपल्या शाळेत पहिली ते सहावी व्हायला जेवढा काळ लागतो, त्याहून थोडा जास्तच. एवढ्या काळाच्या घराला तात्पुरते म्हणायचे असेल, तर आपल्यापैकी पुष्कळांची भाड्याची घरेही तात्पुरतीच म्हणावी लागतील.

हा शब्द आपल्या शेजारी याआधीही फसवा ठरलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागातली चाळिशी ओलांडलेली माणसे विसरलेली नाहीत. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. धक्का बीदर-गुलबर्ग्यापर्यंत जाणवला. जाणवणारच, कारण उमरग्याची हद्द संपली की आपले बसवकल्याण आणि आळंद लागते. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. नकाशावरची रेघ नवी आहे. घरे बांधायची रीत दोन्हीकडे एकच.

त्या रीतीने माणसे कशी मेली हे मुलांनी समजून घेण्यासारखे आहे. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती आणि वर लाकडावर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. पिढ्यान्‌पिढ्या लोक सुखाने राहिले. पण वजन किती? सोळा फूट बाय दहा फूट खोलीवर एक फूट जाडीची माती म्हणजे १६० घनफूट. कोरडी माती घनफुटाला साधारण ४५ किलो भरते. गुणाकार करा: सात हजार दोनशे किलो. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर सात टन, आणि ते पेलणाऱ्या दगडांना एकमेकांशी धरून ठेवायला केवळ चिखल. जमीन हलली की भिंती फुगून ढासळल्या. जिथे लाकडी खांब-तुळयांचे खण मजबूत होते, तिथे भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे किल्लारी भागात दिसली. लाकूड लवते, दगड लवत नाही. शिवाय धक्क्याचा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात बसतो. घर हलके, तर मारही हलका.

मग वाचलेल्यांसाठी पत्र्याचे निवारे उभारले गेले. तात्पुरते. ५२ गावे नव्या जागी वसवायची होती आणि हे काम काही महिन्यांत होणारे नव्हते. तोपर्यंत असंख्य कुटुंबांनी त्या पत्र्याखाली उन्हाळे काढले. मराठवाड्याचा आणि आपला मे महिना वेगळा नाही. कलबुर्गीत पारा चाळिशीच्या वर जाणे ही बातमीसुद्धा होत नाही. अशा दिवसांत दुपारी दोन वाजता पत्र्याच्या शेडमध्ये तान्हे मूल घेऊन बसणे म्हणजे काय, हे तिथल्या बायकाच सांगू शकतील. थंडीत उलटे. रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि आतल्या माणसांच्या श्वासाचे पाणी होऊन त्यांच्याच अंगावर टपकते.

हे झाले जुने. ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्याच चिंचोळी तालुक्यात गडिकेश्वर आणि आसपासच्या गावांना लागोपाठ धक्के बसले. मोठे नव्हते, पण जमिनीतून आवाज येत आणि लोक रात्री घराबाहेर झोपत. तेव्हाही घरासमोर तात्पुरते शेड द्या, हीच मागणी होती. त्याच्या एक वर्ष आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, भीमेला पूर येऊन अफझलपूर आणि जेवर्गी तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांना घरे सोडावी लागली. २००९ च्या पुरातही हेच झाले होते. म्हणजे कधी भूकंप, कधी पूर आणि दरसाल ऊसतोड. लागते एकच: लवकर उभा राहणारा, हलका, पुन्हा उचलून नेता येणारा निवारा. तरीही ताडपत्री आणि पत्रा यांच्यापलीकडे आपला विचार जात नाही. आपल्याकडून पुण्या-मुंबईला बांधकामावर जाणारी माणसे जुना सेंटरिंगचा प्लाय आणि पत्रे जोडून खोल्या करून राहतात. प्लायचा हा उपयोग त्यांनी कोणत्याही इंजिनिअरला न विचारता शोधलेला आहे.

आता प्लायवूडविषयी. झाडाच्या ओंडक्यापासून सोललेले पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून तो बनतो. एका पापुद्र्याचे तंतू उभे, तर पुढच्याचे आडवे. साधी लाकडी फळी तंतूंच्या दिशेने चिरते. प्लायला तशी एक दिशाच नसते, म्हणून तो सहसा चिरत नाही. दुकानात आठ फूट बाय चार फुटाची शीट मिळते. बारा मिलिमीटर जाडीची एक शीट साधारण २३ किलोची असते, नववीतली दोन मुले ती सहज उचलतील. गोंदावर सगळे अवलंबून आहे. 'एमआर' प्रतीचा प्लाय घरातल्या कपाटाला ठीक, पण पावसात त्याचे पापुद्रे सुटतात. बाहेर वापरायचा तर निदान 'बीडब्ल्यूआर' हवा. सर्वांत पक्का म्हणजे आयएस ७१० च्या शिक्क्याचा मरीन प्लाय, पण तो महाग. दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे' असे तोंडी सांगेल. तोंडी शब्द घेऊ नये, शिक्का पाहावा.

जगात यावर काम झालेले आहे. विनय गुप्ता यांनी २००२ मध्ये 'हेक्सायर्ट' नावाच्या षट्कोनी झोपडीचा आराखडा केला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात भरणाऱ्या बर्निंग मॅन मेळ्यात लोक अशा झोपड्या उभारून राहतात. तिथे बहुधा फोमचे बोर्ड वापरतात, पण प्लायचीही करता येते. रचना इतकी सुंदर आहे की दहावीच्या मुलांनी ती पुठ्ठ्यावर करून पाहावीच. एकूण बारा शीट. सहा शीट आडव्या उभ्या केल्या की चार फूट उंचीच्या सहा भिंती. उरलेल्या सहा कर्णावर कापायच्या आणि त्या काटकोन त्रिकोणांच्या जोड्या करून छताचे सहा त्रिकोण बनवायचे. एक तुकडाही वाया जात नाही. आठ फूट बाजूचा षट्कोन, म्हणून आतली जागा सुमारे १६६ चौरस फूट. छताचा त्रिकोण आठ फूट उंचीचा आणि षट्कोनाच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर ६.९३ फूट. पायथागोरस लावला की छत भिंतीपासून बरोबर चार फूट वर चढते आणि शिखर आठ फुटांवर येते.

तरीही आपल्याकडे हा आराखडा मला नको वाटतो. कारण एकच. भिंत चार फुटांची, म्हणजे साध्या रचनेत दरवाजाही चार फुटांचाच. कोपीत वाकून जाणारी बाई यातही वाकूनच जाणार. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवायची आणि घरी आल्यावर पुन्हा दारात वाकायचे! आपण नवे काही करणार असू, तर पहिली अट अशी असावी की या घरात माणूस सरळ चालत जाईल. वाळवंटात आठ दिवस मजेने राहणाऱ्यांची गोष्ट निराळी.

म्हणून मी साधी चौकोनी खोली सुचवतो. लांबी बारा फूट, खोली आठ फूट. पुढची भिंत आठ फूट उंच, मागची सहा फूट. पुढे तीन शीट उभ्या, त्यांपैकी एकीत तीन फूट रुंदीचा दरवाजा कापायचा. मागे तीन शीट, प्रत्येकीचा दोन फुटांचा तुकडा काढून. या तीन तुकड्यांची खिडक्यांची झाकणे होतील, एखादे फडताळही होईल. दोन्ही बाजूंना दोन-दोन शीट, उतारावर कापलेल्या. एकूण दहा. छताला आतून सहा मिलिमीटरच्या तीन शीट आणि त्यांच्यावर वीतभर जागा सोडून दहा फुटी पत्रा. ही मधली मोकळी जागा महत्त्वाची आहे. ऊन पत्र्यावर पडते, पत्रा तापतो, पण मधली हवा वाहती राहिली तर ती उष्णता बाहेर घेऊन जाते. मुलांसाठी एक गंमत: आठ फूट खोली आणि दोन फूट उतार, म्हणून तिरकी लांबी ६८ चे वर्गमूळ, म्हणजे ८.२५ फुटांच्या जवळ. शीट मात्र आठच फुटांची. पुढच्या बाजूला तीन इंचांची फट राहते. ती बुजवायची नाही, आतली गरम हवा तिथूनच निघून जाते. साप-विंचू येऊ नयेत म्हणून तिला बारीक जाळी ठोकायची.

जागा ९६ चौरस फूट. षट्कोनापेक्षा सत्तर चौरस फूट कमी आणि एक शीट जास्त, शिवाय पत्रा वेगळा. हा तोटा मला मान्य आहे. दरवाजासाठी तो सोसावा असे माझे मत आहे.

जोड सगळे लाकडी पट्ट्यांवर आणि स्क्रूने. खिळे नकोत, कारण टोळी एका गावातला ऊस संपला की दुसऱ्या गावी हलते आणि खोली उघडून तिच्या ट्रॉलीत गेली पाहिजे. प्लायचे वजन सगळे मिळून पावणेतीनशे किलोच्या आतबाहेर, त्यात वासे आणि पत्रे धरले तरी ट्रॉलीला ते काहीच नाही. पण हलकेपणाचा दुसरा पैलू विसरता कामा नये. भूकंपात हलके घर तारते, वळवाच्या वाऱ्यात तेच उडते. म्हणून चारही कोपऱ्यांत दीड-दोन हात खोल लोखंडी अँगल गाडून त्यांना बोल्टने खोली आवळायची. खाली माती नको. बीदरकडे जांभ्याचे चिरे आणि कलबुर्गीकडे शहाबादी फरशी, दोन्ही आपल्या दारातले. त्यांचा टाचेएवढा ओटा केला की पाणी आणि वाळवी दोन्ही थोडी लांब राहतात. प्लाय मरतो तो कडांकडून. कापलेल्या प्रत्येक कडेला, स्क्रूच्या प्रत्येक भोकाला ऑइलपेंट पाजल्याशिवाय शीट उभी करू नये. मुले हे काम कंटाळून अर्धवट सोडतात, तेव्हा इथे शिक्षकाने उभे राहिलेच पाहिजे.

आणि चूल बाहेर. पाचटाच्या कोप्यांना आग लागल्याच्या बातम्या हंगामात वाचायला मिळतात; लाकूडही जळतेच. दारापासून लांब, आडोसा करून चुलीची वेगळी जागा दिली नाही, तर थंडीच्या दिवसांत चूल आत जाणार. तो दोष त्या बाईचा नसेल, आराखड्याचा असेल.

विश्वस्तांचे दोन आक्षेप मला आधीच ऐकू येतात. पहिला पैशाचा. पत्र्याची शेड स्वस्त पडते आणि जास्त वर्षे टिकते. हे खरे आहे, त्यावर वाद घालणार नाही. प्लाय चौरस फुटावर विकतात. आपल्याला तेरा शीट, म्हणजे ४१६ चौरस फूट लागेल. दर आणून मुलांनीच गुणाकार करावा आणि शेजारी पत्र्याच्या खोलीचा हिशेबही मांडावा. दोन्ही आकडे फलकावर लागू देत. पण त्या हिशेबात मे महिन्याची दुपार कुठल्या रकान्यात धरायची, तेही ठरवावे. प्लायला पर्यायही आहेत. बंगळूरच्या भारतीय प्लायवूड उद्योग संशोधन व प्रशिक्षण संस्थेत बांबूच्या चटयांपासून बोर्ड आणि नालीदार पत्रे करण्याचे तंत्र विकसित झाले. ते आपल्या बाजारात परवडीत मिळत असतील, तर छताला लोखंडी पत्र्याऐवजी तेच वापरावेत.

दुसरा आक्षेप असा, की हे काम शाळेचे नाही, कारखान्याचे आणि मुकादमाचे आहे. अगदी बरोबर. स्थलांतरित कामगारांसाठीच्या १९७९ च्या कायद्याने परराज्यातून आणलेल्या मजुरांच्या राहण्याची सोय करण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती. तरी कोप्या तशाच उभ्या राहिल्या. उद्या कोणी कारखान्याकडे बऱ्या घरांची मागणी घेऊन गेले, तर 'कसली घरे, किती खर्च, टिकतील का' असेच विचारले जाईल. त्या वेळी एक उन्हाळा-पावसाळा पाहिलेली खोली आणि मुलांनी लिहिलेली मापांची वही दाखवता आली, तर बोलणे पुढे सरकते. एवढे मात्र शाळा करू शकते. महाराष्ट्रात साखरशाळा सुरू झाल्या त्यासुद्धा कोणीतरी आधी एक शाळा चालवून दाखवल्यावरच वाढल्या.

एक खोली आणि टोळीत दहा-बारा कोयते, मग ती कोणाला द्यायची? मला वाटते, दिवसा लहान मुलांना आणि संध्याकाळी अभ्यासाला ती सगळ्यांची असावी. आईबाप फडात असतात तेव्हा सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळत कोपीच्या तोंडाशी बसलेली असते. तिला निदान भिंत आणि सावली मिळेल, आणि वही ठेवायला फडताळ. पण टोळीतल्या बायका म्हणाल्या की आधी बाळंतिणीला द्या, तर त्यांचे ऐकावे. दरवाजा कोणत्या दिशेला असावा, आतून कडी किती उंचीवर हवी, हेही बांधण्याआधी त्यांनाच विचारावे. यंदाच्या टोळ्या परत जायच्या आत आठवीच्या मुलींनी वही घेऊन जावे, असे मी सुचवतो. मुलांपेक्षा मुलींशी त्या मोकळ्या बोलतील.

परीक्षेची पद्धत सोपी आहे. दोन थर्मामीटर घ्यायचे. एक शाळेच्या सायकलींच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दुसरा नव्या खोलीत, दोन्ही जमिनीपासून तीन फुटांवर. एप्रिल-मेमध्ये रोज पहाटे सहाला आणि दुपारी दोनला नोंद. शाळेला सुटी असली तरी मागच्या गल्लीतली पाच-सहा मुले पाळी लावून हे करू शकतात, त्यांच्या पालकांनी होकार द्यावा. पावसाळ्यात दर शनिवारी कडा, स्क्रू आणि ओट्याचा कोपरा न्‌ कोपरा पाहायचा. पापुद्रा सुटला, बुरशी आली, वाळवीची मातीची रेघ दिसली, की तारीख टाकून लिहायचे. खोली थंड राहिली नाही तर तेही लिहायचे.

विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत या प्रस्तावावर दहा मिनिटे मिळावीत अशी विनंती आहे. ज्या पालकांचा सुतारकामाचा किंवा वेल्डिंगचा धंदा आहे, त्यांनी कार्यालयात नावे द्यावीत. आम्हाला चार दिवस करवत आणि ड्रिल मशीन लागेल आणि शीट कर्णावर कापताना ओरडणारा एक अनुभवी माणूस. मंजुरी पौषाआधी मिळाली तर मुलांची वार्षिक परीक्षा सांभाळून काम उरकता येईल. मृगाचा पाऊस यायच्या आत रंगाचे दोन हात झालेच पाहिजेत.